माझ्या रूपाने माझी पसंती ठरवावी का?

आदरणीय ताई,

मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. माझे वय २६ वर्षे असून बी.एस्सी.नंतर प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा डिप्लोमा करून मी प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी पदावर काम करते. माझी उंची ५ फूट ६ इंच, अंगकाठी सडपातळ आणि रंग काळा म्हणावा इतका सावळा आहे. दोन वर्षांपासून स्थळे येत आहेत. मागच्या उन्हाळ्यात एका पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या मामांनी मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे केले, डोक्यावर वही आडवी धरून खडूने रेघ ओढली आणि मग मुलाला त्याच जागी उभे केले. रेघ त्याच्या डोक्याच्या वर राहिली. सगळे हसले. आईने दुसऱ्या दिवशी ती ओल्या फडक्याने पुसली, तरी मला ती अजून दिसते.

नवरा माझ्याएवढा तरी उंच, नोकरी करणारा आणि मनमोकळे बोलणारा असावा, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यावर मोठी आई म्हणते, “आपला हात पाहून फांदीले हात घालावं, पोरी. रंग पाह्य आपला, अन् मागणं पाह्य.” अलीकडे मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितले होते की सुंदर स्त्रियांनाच उंच आणि रुबाबदार पुरुष आवडतात, साध्या रूपाच्या स्त्रियांची आवडही साधीच असते आणि हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे. सध्या वरूड तालुक्यातील एका संत्रा बागायतदाराचे स्थळ आले आहे. त्याची उंची ५ फूट ४ इंच आहे. माझी आवड माझ्या शरीराने ठरवलेली आहे का, आणि ती शरीराला शोभत नसेल तर मी ती सोडून द्यावी का?

(हे पत्र संक्षिप्त केले आहे.)

उत्तर :

तुमच्या शेवटच्या वाक्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. स्त्रीच्या रूपाचा तिच्या आवडीशी संबंध असतो का, हा पहिला. आणि असला तर तिने त्यापुढे मान तुकवावी का, हा दुसरा. मोठी आई आणि तो व्हिडिओवाला हे दोन्ही प्रश्न एकच समजतात. पहिल्याचे उत्तर होकारार्थी निघाले, तरी दुसऱ्याचे उत्तर त्यातून आपोआप निघत नाही.

व्हिडिओतील माणूस अगदीच हवेत बोलत नव्हता, हे आधी मान्य करते. डेव्हिड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये ३७ समाजगटांतील दहा हजारांहून अधिक लोकांच्या जोडीदाराविषयीच्या अपेक्षा प्रसिद्ध केल्या, आणि त्यांत भारतातील लोकही होते. पुरुषांनी रूप आणि तारुण्य यांना अधिक महत्त्व दिले, तर स्त्रियांनी कमाईच्या क्षमतेला; हा फरक बहुतेक सर्व ठिकाणी दिसला. त्याच बस यांनी टॉड शॅकलफोर्ड यांच्यासोबत २००८ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १०७ नवविवाहित अमेरिकन जोडप्यांच्या मुलाखती होत्या, आणि मुलाखत घेणाऱ्यांनी प्रत्येक स्त्रीच्या रूपाला गुण दिले होते. ज्या स्त्रियांना अधिक गुण मिळाले, त्यांच्या अपेक्षा सर्वच बाबतींत चढ्या होत्या. नवरा दिसायला मर्दानी हवा, कमावता हवा, मुलाबाळांची हौस असणारा हवा आणि जीव लावणाराही हवा. तुमची मोठी आई हे वाचून नक्कीच म्हणेल, “मी का वेगळं सांगत होती?”

परंतु याच विषयावरचे दोन ब्रिटिश अभ्यास तिच्या म्हणण्याची दुसरी बाजू दाखवतात, आणि तुमच्या दृष्टीने मला ते अधिक मोलाचे वाटतात. अँथनी लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये स्त्रियांना संगणकावर थोडे बदललेले पुरुषांचे चेहरे दाखवले. काही चेहरे अधिक मर्दानी केलेले होते, काहींच्या डाव्या-उजव्या बाजू अधिक सारख्या केलेल्या होत्या. ज्या स्त्रिया स्वतःला अधिक आकर्षक समजत होत्या, त्यांचा कल मर्दानी आणि सारख्या बाजूंच्या चेहऱ्यांकडे अधिक होता. इथे ‘समजत होत्या’ या शब्दांपाशी थांबा. या अभ्यासात इतरांनी फूटपट्टी लावून रूप मोजलेले नव्हते. त्या बाईच्या मनात स्वतःविषयी जी प्रतिमा होती, तिच्याशी आवडीचा संबंध दिसला होता.

मग ती प्रतिमा बदलली तर काय होते? २००६ मध्ये लिटल यांनी एका सहकाऱ्यासोबत तेही तपासले. काही स्त्रियांना त्यांनी आधी अतिशय देखण्या स्त्रियांची छायाचित्रे दाखवली, काहींना तितक्या देखण्या नसलेल्या स्त्रियांची. देखणे चेहरे पाहिलेल्या स्त्रियांनी स्वतःच्या रूपाला कमी गुण दिले, आणि मर्दानी चेहऱ्यांकडचा त्यांचा कलही त्याबरोबर खाली आला. दुसऱ्या गटात दोन्ही गोष्टी वर गेल्या. बाईचे नाक, रंग, उंची यांतील काहीही त्या वेळात बदलले नव्हते. समोर ठेवलेली चित्रे तेवढी वेगळी होती.

आता तुमच्या घरातील दोन वर्षे आठवून पाहा. पाहुणे येण्यापूर्वी लावलेले बेसन-हळदीचे लेप, चौकटीवरची रेघ, ‘रंग पाह्य आपला’ हे जेवताना ऐकू येणारे वाक्य आणि त्यात भर म्हणून दिवसभर मोबाइलवर सरकणारे उजळ चेहरे. प्रयोगशाळेतील काही छायाचित्रांनी आवड हलत असेल, तर दोन वर्षांच्या या माऱ्याने ती किती हलेल? ‘हात पाहून फांदी धर’ असे म्हणणारी व्यक्ती आधी तुम्हाला सांगते की तुमचा हात आखूड आहे, आणि मग तुम्ही खालची फांदी धरलीत की म्हणते, बघा, पोरगी किती समजूतदार आहे. मोठ्या आईच्या मनात वाईट नसेल. तिच्या काळी तिचाही हात असाच मोजला गेला असेल.

व्हिडिओत आणखी दोन गोष्टी होत्या असे तुम्ही मूळ पत्रात लिहिले आहे, त्या थोडक्यात निकाली काढते. पाळीच्या चक्रातील ठरावीक दिवसांत स्त्रीला अधिक मर्दानी पुरुष आवडतात, हा दावा १९९९ मध्ये गाजला होता. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५८४ स्त्रियांच्या संप्रेरकांची मोजणी केलेल्या अभ्यासात तसा भक्कम पुरावा मिळाला नाही. कंबरेचा घेर नितंबांच्या घेराच्या ०.७ पट असावा ही गोष्ट देवेंद्र सिंह या संशोधकाच्या १९९३ च्या कामातून आली आहे आणि ती पुरुषांना काय आवडते याविषयी आहे. तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. आणि दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या जंगलात राहणाऱ्या मात्सिगेंका जमातीच्या पुरुषांना सिंह यांनी वापरलेली स्त्रियांची चित्रे दाखवली, तेव्हा त्यांची पसंती वेगळी निघाली.

उंचीविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तुमचे अर्धे पत्र उंचीने भरलेले आहे.

स्वतःच्या शरीराचा आवडीशी सर्वांत स्पष्ट संबंध जर कुठे दिसत असेल, तर तो उंचीत दिसतो. पोलंडमधील बोगुस्लाव पाव्लोव्स्की यांनी २००३ मध्ये लोकांना वेगवेगळ्या उंचीच्या जोडप्यांची चित्रे दाखवून कोणती जोडी आवडते ते विचारले. नवरा उंच हवा हे सर्वसाधारण मत होतेच, पण किती उंच हवा हे प्रत्येकाच्या स्वतःच्या उंचीप्रमाणे बदलत होते. बुटक्या स्त्रियांना मोठा फरक चालत होता, उंच स्त्रिया लहान फरकावर समाधानी होत्या. संशोधकाने त्याचा अर्थ असा लावला की माणूस नकळत आपल्या निवडीचे आवार मोकळे ठेवतो. उंच बाईने डोकेभर उंच नवऱ्याचाच हट्ट धरला तर तिच्यासाठी उरणार किती जण? तुम्ही ‘माझ्याएवढा तरी’ असे लिहिता, ‘माझ्याहून चार बोटे उंच’ असे लिहीत नाही. म्हणजे हा हिशेब तुमच्या मनाने कुणीही न सांगता आधीच केलेला आहे. तुमच्यावर अवाजवी मागणीचा ठपका ठेवणाऱ्यांनी निदान एवढे तरी पाहायला हवे होते.

तरीही आकडे तुमच्या बाजूचे नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या देशात प्रौढ स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आणि पुरुषाची १६५ च्या आसपास भरते. तुम्ही १६८ सेंटीमीटर आहात. म्हणजे तुमच्याएवढा किंवा तुमच्याहून उंच नवरा हवा असे म्हणताक्षणी निम्म्याहून अधिक तरुण बाजूला होतात, आणि उरलेल्यांतून पुन्हा जात, वय, नोकरी, पत्रिका यांच्या चाळण्या लागतात. त्यामुळे ही अट किती खोल आहे, ती तुमची स्वतःची आहे की चौकटीवरच्या खडूने लिहून दिलेली आहे, हे तपासून घेणे तुमच्याच सोयीचे आहे.

नवरा उंच असावा हा निसर्गाचा नियम आहे का? १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बँकेत खाते उघडताना नवरा-बायकोने भरलेल्या अर्जांवरील उंची पाहण्यात आली होती. ७२० जोडप्यांत बायको उंच असलेले जोडपे फक्त १ निघाले, जेव्हा नुसत्या योगायोगाने जुळवणी झाली असती तरी अशी शंभरात दोन सापडली असती. म्हणजे तिथे लोक ठरवून, टाळून लग्ने करत होते. याउलट टांझानियातील हाद्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांमध्ये शंभरातील सुमारे ८ विवाहांत बायको उंच आढळली, आणि हे प्रमाण योगायोगाने जेवढे अपेक्षित असते तेवढेच होते. त्यांना जोडीदार निवडताना उंचीचे काहीच पडलेले नव्हते. मग जी गोष्ट एका समाजात जवळजवळ अटळ दिसते आणि दुसऱ्यात कुणाच्या ध्यानीही येत नाही, तिच्यात शरीराचा वाटा किती आणि रिवाजाचा किती, याचा अंदाज तुम्हीच करा.

माझ्या माहेरी, मोर्शीकडे, माझी आत्या तिच्या यजमानांपेक्षा चांगली तीन-चार बोटे उंच होती. त्यांना आम्ही मामाजी म्हणत असू. घरातील प्रत्येक जुन्या फोटोत आत्या खुर्चीवर बसलेली आणि मामाजी मागे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत. लहानपणी मला तो मामाजींचा रुबाब वाटे. ही फोटोवाल्याने काढलेली तोड होती, हे पुष्कळ उशिरा कळले. एकदा मी तिला विचारले, तुला कधी वाईट वाटले का? ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, “फोटोच्या दिवशी वाटे. बाकीच्या दिवशी कामंच इतकी राहत, का कोण कोणापेक्षा उंच हे पाहाले टाइम नसे.” हा अनुभव तुमच्यावर लादण्यासाठी सांगत नाही. तिच्या पदरी भला माणूस पडला होता, आणि सगळ्याच बुटक्या पुरुषांना उंच बायको सोसत नाही. काही जण ती उणीव आयुष्यभर आवाज चढवून भरून काढतात. तेव्हा वरूडच्या मुलाला तुमची उंची कशी वाटते, हेच आधी पाहावे लागेल.

रंगाविषयी एक गोष्ट ध्यानात आली. तुमच्या तीन पानी पत्रात तुमचा रंग सात वेळा आला आहे, पण होणाऱ्या नवऱ्याचा रंग कसा असावा याविषयी एक शब्दही नाही. जी बाब तुम्ही दुसऱ्याच्या बाबतीत मोजत नाही, ती तुमच्या बाबतीत तुमची किंमत ठरवते, हे मान्य करायला मी तयार नाही. गोऱ्या वर्णाची मागणी खरी आहे, हे उघड आहे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या एका बंगाली दैनिकातील विवाहविषयक जाहिरातींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वधू शोधणाऱ्यांचा कल उजळ रंगाकडे होताच, आणि त्याहून कितीतरी जोरकस कल आपल्याच जातीकडे होता. आपल्याकडच्या परिचय मेळाव्यात बसलेल्या कुणालाही हे नवे वाटणार नाही. मुलगा-मुलीची आवड-निवड आपण म्हणतो खरी, पण ती चालते घरच्यांनी आधीच कुंपण घातलेल्या वावरात. आणि रंगाच्या बाबतीत बाजारसुद्धा आता थोडा ओशाळला आहे. २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमने नावातला ‘फेअर’ शब्द काढला. क्रीम तेच आहे, आणि तुमच्या केंद्रासमोरच्या किराणा दुकानात ते अजूनही टांगलेले असेल.

तुमची दुसरी अट नोकरीची. तिला मी तुमच्या शरीराशी जोडणार नाही आणि तुम्हीही जोडू नका. कापसाचा भाव, सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक रोग आणि ऐन वेचणीत येणारा अवकाळी पाऊस ज्या मुलीने घरात बसून पाहिला आहे, तिला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार हवासा वाटला, तर त्यात चंचलपणा काय आहे? २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जुळणारे तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले होते, तेव्हा पुष्कळांनी मुलींना नावे ठेवली. शेतकरी घरात सून म्हणून जाणे म्हणजे पहाटे चूल, दिवसभर वावर आणि रात्री पुन्हा चूल, आणि एवढे करून सातबाऱ्यावर नाव नाही, हे त्या मुलींना त्यांच्या आयांकडे पाहून माहीत असते. मात्र बागायतदार आणि कोरडवाहू कास्तकार यांना एकाच तागडीत तोलू नका, आणि कंत्राटी नोकरी म्हणजे काय असते हे तर तुमच्याइतके कुणाला ठाऊक असणार? वरूड-मोर्शी भागात पाण्याची पातळी फार खोल गेलेली आहे. तेव्हा बगीचा किती एकरांचा आहे हे विचारण्यापेक्षा बोअर किती फुटांवर आहे, उन्हाळ्यात पाणी पुरते का, कर्ज किती आहे आणि जमीन कोणाच्या नावावर आहे, हे विचारा.

आता त्या मुलाविषयी. तुमच्या मूळ पत्रात नाकारलेल्या तीन स्थळांना मिळून पाच ओळी आहेत, आणि याच्यासाठी पाऊण पान. आंबिया बहाराचा तोडा झाल्यावर झाडातील वाळलेल्या काड्या, म्हणजे सल, कशी काढावी लागते हे त्याने तुम्हाला समजावून सांगितले. काट्यांनी ओरखडलेला तळहात दाखवला. मग तुमच्या प्रयोगशाळेत रक्ताचा नमुना घेतल्यावर पुढे काय होते हे विचारले आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकून घेतले. हे सगळे लिहून झाल्यावर तुम्ही नव्या ओळीवर फक्त एवढेच लिहिले आहे : “पण उंची ५ फूट ४ इंच.”

अमेरिकेत २००८ मध्ये पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी १६३ विद्यार्थ्यांना आधी विचारले की तुम्हाला कसा जोडीदार हवा, आणि मग त्यांच्या एकेकाशी काही मिनिटांच्या भेटी घडवल्या. कागदावर लिहिलेल्या अपेक्षांवरून प्रत्यक्षात कोण आवडेल हे सांगता आले नाही. तिथले विद्यार्थी आणि आपल्या इथले कांदेपोहे यांत अंतर पुष्कळ आहे, पण यादी आणि माणूस यांतली ही तफावत मला तुमच्या पाऊण पानात दिसते. यावरून तुम्ही होकार द्या असे मी म्हणत नाही. उंच नवरा नसल्याचे शल्य तुम्हाला खरोखर राहणार असेल, साक्षगंधाच्या दिवशी शेजारी उभे राहताना खांदे पाडून उभे राहावेसे वाटणार असेल, तर नकार द्या, आणि तो देताना रंगाचा किंवा वयाचा दाखला कुणाला काढू देऊ नका. अट तुमची असेल तर ती ठेवण्याचा हक्कही तुमचाच आहे. फक्त ती त्या मामांची असेल, तर त्यांच्याकडेच राहू द्या.

निर्णयाआधी आणखी एक भेट मागून घ्या, आणि ती घरात सगळ्यांसमोर नको. त्याच्या बगीच्यात जा, सोबत भावाला किंवा मैत्रिणीला न्या. चपटी चप्पल मुद्दाम घालू नका. नेहमी कामावर जाताना घालता तीच घाला आणि धुऱ्याने त्याच्या बरोबरीने चालून पाहा. तुमच्या उंचीवर तो काही बोलतो का, बोलला तर कशा आवाजात बोलतो, आणि त्याची आई तुम्हाला पाठीला पाठ लावून उभे राहायला सांगते का, याकडे लक्ष ठेवा. लग्नानंतर तुमच्या नोकरीचे काय, हा प्रश्न तुम्हीच काढा. मोठ्या आईला एवढेच सांगा की मी माझा हात माझ्यापुरता मोजला आहे, तो पुन्हा मोजण्याची गरज नाही.

आणि एक मोजमाप तेवढे अवश्य करा, जे खडूने होत नाही. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या विदर्भात किती आहे हे तुम्हाला रोजच्या कामातून ठाऊक आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसूनही त्याचे जनुक बाळगून असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, मग ते उंच असोत की बुटके. पत्रिका जुळवण्याआधी दोघांचे रक्त तपासून घ्या. नुसत्या सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीवर न थांबता गरज पडल्यास इलेक्ट्रोफोरेसिस या पक्के निदान करणाऱ्या चाचणीपर्यंत जा. तुमचा स्वतःचा नमुना मात्र तुम्ही तपासू नका, सहकाऱ्याला द्या. वरूडच्या मुलाला हे सगळे कसे सांगावे याची चिंता नसावी. नमुना घेतल्यावर पुढे काय होते, हे त्याने तुम्हाला आधीच विचारलेले आहे.